मिस्त्रीकाका, पुलाच्या कामाबद्दल तुम्हाला जाहीर थँक्यू

मिस्त्रीकाका, नमस्कार,

तुम्ही स्वतः फोनवर वाचायच्या भानगडीत पडत नाही हे माहितीये, पण घरातलं कुणीतरी वाचून दाखवेलच. आणि मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, कारण दगडी पुलाचं काम छान झालं म्हणून जो तो आमचं इंजिनियर लोकांचं कौतुक करतोय आणि खरं काम कुणाचं ते आम्हाला चांगलं माहितीये.

पहिलं थँक्यू तुम्ही नाही म्हणालात त्याबद्दल. मीटिंगमध्ये सगळ्यांचं ठरत आलं होतं की कमानीच्या पोटाला जाळी मारायची, वर काँक्रीटचा थर द्यायचा, विषय संपला. तुम्ही एवढंच म्हणालात की आधी दोन-चार दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, उकरून आत काय चाललंय ते बघू. मागे कधीतरी कुणीतरी सगळ्या दरजा सिमेंटने भरून टाकल्या होत्या, वरून एकदम टकाटक, आणि आत चुना ओला गच्च, कारण वरून मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नव्हती, मग ते दगडातूनच बाहेर पडायचं, सुकताना क्षार मागे ठेवायचं आणि दगडाचे पापुद्रे सुटायचे, सिमेंट मात्र जसंच्या तसं. दरजांतला मसाला दगडापेक्षा नरमच पाहिजे, झिजायचं तर त्याने झिजावं, तो परत भरता येतो, हे तुम्ही सहज बोलून गेलात. आम्हाला कॉलेजपासून स्ट्रेंथ वाढवायचीच सवय, त्यामुळे मला ते पचायला जरा वेळ लागला.

मग चुना. कळीचा चुना पाण्यात पडल्यावर कसा खदखदतो हे मी फक्त वाचलेलं, तुम्ही आधी सगळ्यांना लांब उभं केलंत, डोळे सांभाळा म्हणून ओरडलात, आणि विरलेला चुना चाळून पाण्याखाली ठेवून दिलात तो आठवडेच्या आठवडे. वर ऑफिसातून रोज फोन, काम का थांबलंय, आणि तुमचं आपलं एकच, मुरू दे. वाळूवरून तर तुम्ही गाडी परत पाठवलीत, दाणा गोल आणि एकसारखा होता म्हणून, तुम्हाला कोनेरी, जाड-बारीक मिसळलेली पाहिजे होती. एक भाग चुन्याला तीन भाग वाळू, आणि पाण्याजवळच्या खांबांसाठी त्यात सुरखी, कारण साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत घट्ट होतो, सतत पाण्यात असला तर होतच नाही, भाजलेल्या विटेची भुकटी मिसळली की तिथेही धरतो. दरजा भरतानाही तेच, रुंदीच्या निदान दुप्पट खोल उकरायची, तीही छिन्नीने (ग्राइंडर दिसला की तुमचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा), भरून झाली की ओली गोणपाटं लावायची.

पण माझा सगळ्यात लाडका भाग म्हणजे खचलेल्या कमानीचा. खाली लाकडी सेंटरिंग, म्हणजे कमानीला तात्पुरता आधार, प्रत्येक दगडाला नंबर, मग उतरवणं. उतरवलेला प्रत्येक दगड तुम्ही हातोडीने वाजवून बघत होतात, टणकन वाजला तर ठेवा, भद्द वाजला तर बाजूला. नवीन दगड घडवताना थर कुठल्या दिशेला जातोय ते आधी बघायचात, कमानीचा दाब थरावर सरळ आला पाहिजे, नाहीतर सालं निघतील. दोन्ही बाजूंनी बरोबरीने चढत गेलात, एक बाजू पुढे गेली की तिकडचं काम बंद. मी रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाचं सांगितलं होतं आठवतंय का, १६७५ मध्ये त्याने म्हटलं होतं की लोंबती साखळी उलटी केली की कमानीचा आकार मिळतो, त्यावर तुम्ही ओळंब्याची दोरी दोन हातांत सैल धरून दाखवलीत, ही ना? हीच.

बोस्नियातल्या मोस्तारच्या पुलाचा फोटो दाखवला तेव्हाही तसंच. १५६६ चा पूल, १९९३ मध्ये युद्धात पडला, २००४ मध्ये जुन्याच पद्धतीने परत बांधला, दगड एकमेकांना जोडायला लोखंडी पकडी आहेत हे मी कौतुकाने सांगतेय आणि तुमचा लगेच प्रश्न, शिसं ओतलंय ना त्यात? लोखंड गंजून फुगलं तर दगड फोडेल. ओतलंय काका, नंतर वाचून खात्री केली.

सेंटरिंग काढायच्या दिवशी आमचा जीव टांगणीला आणि तुम्ही शांतपणे त्याखालच्या पाचरी थोड्या थोड्या सैल करत फिरत होतात, इकडे जरा, तिकडे जरा. कमान किंचित बसली, दगड एकमेकांवर दाबले गेले आणि थांबली. तुम्ही पुढच्या पाचरीकडे गेलात, टाळ्या आम्हीच वाजवल्या.

आणि हो, वरचा भराव उघडून पाणी जायच्या वाटा मोकळ्या करायला लावल्यात ना, त्याचं बिल पास करून घेताना मी भरपूर शिव्या खाल्ल्या. पण पहिल्या पावसात पुलाखाली उभी राहून बघितलं, पाणी भोकांतून धो धो पडत होतं आणि कमानीचं पोट कोरडं होतं, फोटो काढून थेट त्याच साहेबांना पाठवला.

पलीकडच्या काठाची पंखभिंत, म्हणजे पुलाच्या टोकाशी भराव धरून ठेवणारी भिंत, अजून राहिलीय. ते काम मंजूर झालंय, चुना विरवून ठेवलाय, वाळू या वेळी मी स्वतः बघून घेतलीय तरी तुम्ही एकदा हातात घेऊन बघाच. कधी येताय ते कळवा.

तुमची,
साइटवरची इंजिनियर पोरगी