जुन्या पीसीत नवं ग्राफिक्स कार्ड टाकताय? आधी कॅबिनेट उघडून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कुठलं ग्राफिक्स कार्ड घ्यावं याचे तक्ते पेपरात येतात ते मी आवडीने वाचतो, पण एक गोष्ट कायम खटकते म्हणून लिहितोय. त्यातले एफपीएसचे (गेम सेकंदाला किती चित्रं दाखवतो त्याचे) आकडे सगळे आजच्या टॉप प्रोसेसरवर आणि नव्याकोऱ्या मदरबोर्डवर काढलेले असतात, आणि वाचणाऱ्याच्या टेबलाखाली असतो दहाएक वर्षं जुना पीसी, त्यात चौथ्या नाहीतर सहाव्या जनरेशनचा इंटेल आय५ प्रोसेसर आणि एनव्हीडियाचं जुनं जीटीएक्स १०५० टीआय कार्ड. तिथे तक्त्यातलं एक नंबरचं कार्ड आणून बसवलं की नाकापेक्षा मोती जड!

त्यात एनव्हीडियाने ९०० आणि १००० सिरीजच्या कार्डांचे गेम रेडी ड्रायव्हर (नव्या गेमसाठी कार्ड जुळवून घेणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ पर्यंतच, पुढे २०२८ पर्यंत फक्त सिक्युरिटी अपडेट असं जाहीर केल्यापासून १०५० टीआय, १०६० वाले सगळेच कार्ड शोधायला लागलेत. शोधा की, पण आधी एक बघा. गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा, एफपीएस वाढले तर कार्ड कमी पडतंय, आणि जागचे हललेच नाहीत तर दम प्रोसेसरचा लागलाय, मग कार्ड कितीही भारी घ्या, गर्दीच्या सीनमध्ये गेम अडखळायचा तो अडखळणारच.

आता स्लॉट. जुन्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेस ३.० (कार्ड ज्यात बसतं त्या स्लॉटची जुनी पिढी) असतं आणि नवं कार्ड त्यात चालतं, हे खरंय, पण अर्धंच खरं. उदाहरणच घ्या, एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी (२०२२), दिसायला कार्ड पूर्ण लांबीच्या स्लॉटमध्ये बसतं पण आत लेन, म्हणजे डेटा जायच्या वाटा, फक्त ४, नव्या ४.० बोर्डावर सेकंदाला साधारण ८ जीबी डेटा जातो, जुन्यावर बरोब्बर निम्मा. वर कार्डाची मेमरी ४ जीबी, ती भरली की टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवायची चित्रं) पीसीच्या रॅममधून त्याच चिंचोळ्या वाटेने आणायचे, मग गेम झटके खाणार नाहीतर काय. म्हणजे जे स्वस्तातलं कार्ड जुना पीसीवाला घेणार तेच जुन्या पीसीत सगळ्यात जास्त मार खातं, आणि तक्त्यात याचा एक शब्द नसतो. आरटीएक्स ४०६० च्या पण लेन ८ च आहेत पण मेमरी ८ जीबी असल्याने तिथे एवढं जाणवत नाही. इंटेलच्या आर्क कार्डाची तऱ्हा वेगळी, त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतं, ते बऱ्याच जुन्या बोर्डांच्या बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) येतच नाही आणि त्याशिवाय आर्क घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

आणि पॉवर सप्लाय, ज्याकडे कोणी ढुंकून बघत नाही! स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, ६-पिन केबलमधून अजून ७५, ८-पिनमधून १५०. १०५० टीआय बहुतेक करून नुसत्या स्लॉटवर चालायचं म्हणून इतकी वर्षं कसलाही सप्लाय खपून गेला, आता ११५ वॉटचं ४०६० आणलं की ८-पिन लागणार आणि ती केबल बऱ्याच जुन्या स्वस्त सप्लायला नसतेच. मग लोक मोलेक्सचा (जुन्या हार्ड डिस्कच्या ४-पिन केबलवरचा) कन्व्हर्टर लावतात. कृपा करून लावू नका, बारीक वायरीतून तेवढा करंट गेला की प्लॅस्टिक वितळू शकतं. सप्लायच्या स्टिकरवर मोठ्या अक्षरातले वॉट सोडा, १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. सप्लाय बदलायचाच नसेल तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं ७० वॉटचं कार्ड आहे, बहुतेक मॉडेलना वेगळी केबल लागत नाही, पण त्याच नावाचं ८ जीबीवालं घरी आणलंत तर लागते (अशी नावं कोण ठेवतं देव जाणे).

कार्डाची लांबी कॅबिनेटात मावते का हे टेपने मोजून घ्यावं, आणि मॉनिटर फक्त व्हीजीएवाला (जुन्या निळ्या प्लगचा) असेल तर नव्या कार्डांना ते पोर्टच नाही हेही लक्षात असू द्या.

तर विनंती एवढीच, पुढचा तक्ता छापाल तेव्हा किंमत आणि एफपीएसच्या शेजारी लेन किती, केबल कुठली आणि ३.० बोर्डावर एफपीएस किती असे तीन रकाने वाढवा, जागा कमी पडली तर रंगीबेरंगी आरजीबी लाइटचे फोटो थोडे लहान करा.

आपला,
एक नियमित वाचक