नवी आवृत्ती चढवण्याआधी ‘दुसऱ्या सत्रा’ची फाइल उघडून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अभ्यास मंडळाचे इतिवृत्त, अभ्यासक्रमाचे मसुदे, गुणतक्ते, खरेदीच्या टिपण्या हे सगळे आता विद्यापीठांत आणि मोठ्या महाविद्यालयांत एकाच सामायिक प्रणालीवर असते. एकाच कागदावर चार टेबलांवरून चार जण लिहीत असतात. ही प्रणाली कधी ना कधी नव्या आवृत्तीवर न्यावीच लागते. शेअरपॉइंट या अशाच प्रणालीच्या २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांना दुरुस्त्या देण्याची शेवटची तारीख मायक्रोसॉफ्टने १४ जुलै २०२६ ठरवली. नेक्स्टक्लाउडसारखी मुक्त प्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर चालवणाऱ्यांना तर दर आवृत्तीमागे जेमतेम वर्षभर दुरुस्त्या मिळतात. तरीही निविदेत या कामाला ‘डेटा स्थलांतर’ एवढी एकच ओळ असते आणि पुरवठादार फायली इकडून तिकडे नेऊन बिल लावतो. कोणत्या संस्थेत काय चालले आहे हा या पत्राचा विषय नाही. मराठीत काम करणाऱ्या कार्यालयाने या एका ओळीत काय काय लिहून घ्यावे, एवढेच सांगायचे आहे.

पहिली गोष्ट पायऱ्यांची. नेक्स्टक्लाउडमध्ये मधली मोठी आवृत्ती गाळता येत नाही. २४ वरून ३१ वर जायचे तर २५, २६, २७ असे एकेक चढावे लागते आणि प्रत्येक पायरीवर डेटाबेसची रचना बदलते. ही प्रणाली सर्व्हरवरच्या पीएचपी या भाषेच्या आधारे चालते. २४ आणि २५ या आवृत्त्या पीएचपी ७.४ वर चालतात, २६ चालत नाही. म्हणून २५ वर पोचल्यावर थांबायचे, पीएचपी ८.१ बसवायचे आणि पुढे निघायचे, तेच ८.१ थेट ३१ पर्यंत साथ देते. सुरुवातीलाच सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम नवी केली तर तिच्यासोबत पीएचपीही नवी येते आणि जुनी आवृत्ती सुरूच होत नाही. मग पुढेही जाता येत नाही आणि मागेही. प्रत्येक पायरीआधी मेंटेनन्स मोड लावून (म्हणजे वापरकर्त्यांसाठी प्रणाली तात्पुरती बंद करून) तीन गोष्टींची प्रत घ्यायची: डेटाबेस, डेटा फोल्डर आणि कॉन्फिग फाइल. तिसरी हमखास विसरते. तिच्यात संस्थेचा गुप्त संकेत असतो. फायली कूटबद्ध असतील आणि तो संकेत हरवला, तर टेराबाइटभर डेटा डोळ्यांसमोर असूनही वाचता येणार नाही.

दुसरी गोष्ट उघड्या राहिलेल्या कागदांची. ब्राउझरमध्येच कागद लिहू देणारे ओन्लीऑफिस प्रणालीला जोडलेले असेल तर नेहमीच्या मांडणीत शेवटच्या माणसाने फाइल बंद केल्यावर साधारण दहा सेकंदांनी ती मूळ जागी लिहिली जाते. तोवर बदल ओन्लीऑफिसच्या सर्व्हरवरच असतात. शुक्रवारी संध्याकाळी कोणी टॅब तशीच उघडी ठेवून संगणक चालूच सोडून गेले आणि शनिवारी सर्व्हर बंद केला, तर सोमवारी बैठकीची टिपणी अर्धीच निघते. त्यासाठी बंद करण्यापूर्वी चालवायची तयारीची स्क्रिप्ट सोबतच येते; ती उघड्या फायली सक्तीने जतन करते. ती चालवली का, हे विचारायला पाच सेकंद लागतात.

आता मराठीचा प्रश्न, जो बाहेरच्या पुरवठादाराच्या गावीही नसतो.

लिनक्सच्या डिस्कवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एका बाइटचे, देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. ‘सोलापूर’ एवढ्या शब्दालाच २१ बाइट लागतात. आपल्याकडे फाइलची नावे कशी असतात? ‘शैक्षणिक वर्ष २०२४-२५ मधील अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या बैठकीचे इतिवृत्त अंतिम सुधारित’. शेवटचे डॉट-डॉक्स धरून हे २४५ बाइट झाले. फाइल जतन होते, उघडते, कोणाला शंकाही येत नाही. पण प्रणाली जुनी प्रत ठेवताना नावाला बारा बाइटची शेपटी जोडते आणि बेरीज २५७ होते. अशा फायली स्थलांतराच्या नोंदवहीत ‘वगळल्या’ म्हणून निघतात आणि ती नोंदवही कोणी वाचत नाही. म्हणून २२० बाइटच्या वरच्या नावांची यादी आधीच काढावी आणि ती त्या त्या विभागाकडे पाठवावी. ‘अंतिम’ आणि ‘सुधारित’ एवढे दोन शब्द गाळले तरी बहुतेकांची सुटका होईल. (एकाच फोल्डरमध्ये तीन ‘अंतिम’ असतील तर तो प्रश्न संगणकाचा नाही.)

याहून चकवणारा शब्द म्हणजे ‘दुसऱ्या’. त्यातला ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर नुक्ता असलेला र, हलन्त आणि य. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. ‘दुसऱ्या सत्राचा निकाल’ परीक्षा विभागाच्या संगणकावरून शोधला तर सापडतो, शेजारच्या टेबलावरून शोधला तर ‘काही आढळले नाही’. स्थलांतरात नावे ‘स्वच्छ’ करणारी स्क्रिप्ट वापरली तर ती ते न दिसणारे चिन्ह उडवते आणि ‘ऱ्य’च्या जागी ‘र्य’ उरतो. त्या फाइलकडे नावाने बोट दाखवणारा प्रत्येक तक्ता तिथेच तुटतो. नावांना हात लावायचाच असेल तर आधी जुन्या-नव्या नावांची जोडयादी करा. आणि फायली झिपमध्ये बांधून विंडोजच्या संगणकामार्गे नेऊच नका. झिपमध्ये नावांचे संकेतन नीट नोंदले गेले नाही तर देवनागरीच्या जागी चौकोन येतात.

फाँटचेही तसेच. ब्राउझरमधले ओन्लीऑफिस तुमच्या संगणकावरचे नव्हे, सर्व्हरवरचे फाँट वापरतो. नव्या सर्व्हरवर मंगल नसेल तर दुसरा फाँट येतो, ओळी सरकतात आणि गुणतक्त्याची सहीची ओळ एकटीच पुढच्या पानावर जाते. सोलापुरात कन्नड, तेलुगू आणि उर्दू विभागांचे कागदही याच प्रणालीवर असतात. तिन्ही लिप्यांचे फाँट बसवून घ्या आणि उर्दूचा तक्ता उजवीकडून सुरू होतो का, हे स्वतः उघडून बघा. युनिकोड हे सर्व लिप्यांचे सामायिक संकेतन येण्यापूर्वीच्या फाँटात टाइप केलेली जुनी परिपत्रके मात्र कुठल्याही आवृत्तीत सुधारणार नाहीत. ती वेगळी काढून रूपांतर करावी लागतात आणि नंतर त्यातले आकडे मूळ कागदाशी ताडून पाहावे लागतात.

महाविद्यालयांना सर्वांत महाग पडते ती तुटलेली लिंक. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या वार्षिक अहवालात पुराव्यादाखल दिलेल्या लिंका वर्षानुवर्षे तशाच चालाव्या लागतात. नव्या सर्व्हरला नवा पत्ता दिला, किंवा फायली नव्याने चढवून लिंका पुन्हा तयार केल्या, की त्या सगळ्या मेल्या. डोमेन तेच ठेवून डेटाबेससकट प्रणाली हलवली तर लिंका टिकतात. पत्ता बदलणे भागच असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणारी सोय कायमची ठेवावी. पंढरपूर, बार्शी, अकलूजच्या महाविद्यालयांनी आपल्या अहवालातल्या वीस लिंका निवडून आधीच विद्यापीठाच्या संगणक कक्षाला द्याव्यात, म्हणजे चाचणीत त्या उघडून बघता येतील.

बॅकअप परत बसवायची पाळी आलीच तर एक खाचखळगा लक्षात असू द्या. प्राध्यापकांच्या लॅपटॉपवरच्या फायली सर्व्हरशी जुळत्या ठेवणारा सिंक प्रोग्राम परत आणलेला जुना सर्व्हरच खरा मानतो आणि लॅपटॉपवरची ताजी फाइल काढून टाकू शकतो. ‘डेटा-फिंगरप्रिंट’ नावाची आज्ञा चालवली की तो सावध होतो आणि दोन्ही प्रती ठेवतो.

वेळेचा हिशोब कागदावर करा. दोन टेराबाइट डेटा १०० मेगाबिटच्या जोडणीवरून न्यायला काही न बिघडता ४४ तास लागतात, आणि लहान लहान लाखो फायली असतील तर त्याहून जास्त. म्हणजे शनिवार-रविवार पुरत नाही. मोठी प्रत प्रणाली चालू असतानाच आठवडाभर आधी घ्यावी आणि बंद ठेवण्याच्या काळात फक्त बदललेल्या फायली न्याव्यात. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत काम उरकण्याचा मोह सर्वांना होतो. पण त्या दिवसांत फाइल उघडून ‘हो, बरोबर आहे’ म्हणणारे विभागातले लिपिकही सुट्टीवर असतात. निकालाचे आठवडे आणि पंढरपुरात आषाढीची गर्दी असते ते दिवस टाळावेत, हे सांगायला नको. उन्हाळी सुट्टी सोयीची वाटते, पण मे महिन्यातल्या आपल्या दुपारी सर्व्हर खोलीचा एसी आणि यूपीएस सलग दोन दिवसांचा भार पेलतात का, हे आधी बघून घ्यावे.

जुना सर्व्हर महिनाभर ‘फक्त वाचण्यासाठी’ चालू ठेवावा. परीक्षा, लेखा आणि भाषा विभागांनी आपण निवडलेल्या प्रत्येकी पन्नास फायली उघडून सही केल्याशिवाय पुरवठादाराचे शेवटचे देयक मंजूर करू नये. त्या पन्नासांत एक तरी ‘दुसऱ्या’ असू द्या.

कळावे,
आपला,
एक संगणक प्रणाली व्यवस्थापक, सोलापूर