जावयाची कचरापेटी आणि तुमची पुरवणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत विचित्र उपकरणांचं पानभर कौतुक वाचलं. रविवार चिडण्यात गेला, आज लिहायला बसलो.

डिंकाच्या कांडीसारखी लोण्याची कांडी, नूडल्स गार करायला काडीला लावलेला पंखा, रांगत्या बाळाकडून फरशी पुसून घेणारं झबलं. लेखकमहाशयांनी सगळं 'जपानी माणूस बघा कुठे पोचला' अशा थाटात मांडलंय. असल्या वस्तूंना जपानीत म्हणतात तो 'चिंदोगू' हा शब्दही दिलाय. पण हा प्रकार ज्यांनी सुरू केला, त्या केंजी कावाकामींनी त्याला दहा नियम घातले होते, ते सोयीस्कर गाळले. वस्तू खऱ्या वापरासाठी नसावी, तिचं पेटंट घ्यायचं नाही आणि ती विकायची नाही! म्हणजे जपान्यांनी केली होती ती थट्टा. आणि तुम्ही खाली चौकट टाकता, 'अशा वस्तू कुठे मिळतील?' धन्य आहे.

तशी एक माझ्याकडे मिळेल. वास्तुशांतीला जावईबापूंनी सेन्सरची कचरापेटी दिली. हात पुढे केला की झाकण आपोआप उघडतं. आमचं स्वयंपाकघर आठ बाय दहा. तिथे हात पुढे न करता वावरायचं कसं? हिचा पदर गेला, उघडली. मी चहाचं आधण ठेवायला वळलो, उघडली. वास येऊ नये म्हणून झाकण, आणि ते दिवसभर आ वासून. शिवाय आत बादली एकच. घंटागाडीवाला ओला-सुका वेगळा मागतो, त्याला सेन्सर दाखवू?

एका रात्री दोनच्या सुमारास स्वयंपाकघरातून घर्रर्र आवाज. मी काठी घेऊन पुढे, ही माझ्या मागे. दिवा लावला तर पेटीवर पाल. ती सरकली की झाकण उघडायचं, ती दचकून थांबली की मिटायचं. दोघांचा खेळ चालला होता. दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी फार अदबीनं म्हणाली, "सर, हात पेटीपासून पंधरा सेंटिमीटरवर धरा." म्हटलं, हे पालीला तुम्ही सांगा.

महिन्या-दीड महिन्याला चार सेल खाते ते वेगळंच. टाकून द्यावी तर जावयाची वस्तू. दिवाळीला मंडळी आली की माळ्यावरून काढायची, पुसायची, सेल घालायचे आणि त्यांच्यासमोर केळ्याची साल टाकून कौतुक करायचं. उरलेलं वर्ष पायानं दाबायची जुनी पेटी आहेच. तिला पाल उघडू शकत नाही.

अमेरिकेतल्या त्या ज्युसेरोबद्दल मात्र लेखात अवाक्षर नाही. वाय-फायवर चालणारं रसाचं यंत्र, २०१६ मध्ये ६९९ डॉलरला आलं, पुढे ३९९ वर उतरलं. फळांचे तुकडे भरलेली कंपनीचीच पाकिटं त्यात घालायची. २०१७ च्या एप्रिलमध्ये ब्लूमबर्गच्या बातमीदारांनी तीच पाकिटं नुसत्या हातांनी पिळून दाखवली, आणि सप्टेंबरात दुकान बंद! आमच्या रसवंतीच्या चरकाला घुंगरं असतात, वाय-फाय नसतं. उन्हाळाभर बरा चालतो.

एक गोष्ट मान्य करतो, नाहीतर म्हातारा हटवादी म्हणाल. सेल्फी स्टिकही १९९५ मध्ये चिंदोगूंच्या पुस्तकात बिनकामाची म्हणूनच छापली गेली होती. आज पन्हाळ्यावर गेलात तर ती काठी चुकवत चालावं लागतं. पण त्यामुळे ती कामाची ठरली, असं मी तरी म्हणणार नाही.

जाता जाता, याच लेखाला जागा हवी म्हणून तुम्ही शब्दकोडं इतकं आकसलंत की चौकोनात 'क्ष' मावेना. उभ्या शब्दांतल्या अकराव्याचं सूत्रही छापायचं राहिलंय. त्याचं उत्तर पुढच्या रविवारी देणार असाल, तर निदान प्रश्न काय होता तेही कळवावं.

कळावे,
आपला
एक जुना वर्गणीदार, मिरज

ता. क. पुरवणीच्या शेवटच्या पानावर त्याच कचरापेटीची जाहिरात आहे. कृपा करून ती आमच्या जावईबापूंच्या गावच्या आवृत्तीत देऊ नये. येत्या दिवाळीत मोठी पाठवतील.