पंपाला दहा टक्के दिले, हवामानाला एक रुपया नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या गावात सर्वेक्षणाला एक मुलगी आली होती. हवामान बदल रोखायला सरकारने धोरण आणले तर तुमचे घर महिन्याला किती रुपये देईल, असे ती विचारत होती. पारावरच्या बहुतेकांनी 'एकही नाही' सांगितले. एका काकांनी तर 'पयले कापसाले भाव द्या म्हना सरकारले' असे तिलाच सुनावले. तिचा बिचारीचा काय दोष!

याच काकांनी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत दहा टक्के हिस्सा भरून वावरात पंप बसवला आहे, तोही काकूंच्या बचत गटातून कर्ज काढून. पूर्वी लाइन मध्यरात्री यायची. डिसेंबरच्या थंडीत बॅटरी घेऊन हरभऱ्याला ओलीत करायचे, पायाखाली साप की आणखी काही, दिसत नसे. दिवसा ओलीत होईल म्हटल्यावर त्यांनी पैसे मोजले. मग त्या मुलीला नाही का म्हणालात, असे मी विचारले. म्हणाले, "पंप डोयानं दिसते. हे पैसे कुठी जातीन?"

हा संशय अगदीच पोकळ नाही. 2010 मध्ये केंद्राने कोळशावर टनामागे 50 रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला, 2016 पर्यंत तो 400 रुपये झाला. विजेच्या दरातून तो आपणच भरला, कोणी विचारायला आले नव्हते. (शेतीपंपाचे बिल सध्या माफ आहे हे खरे, पण घरचे येतेच.) 2017 मध्ये जीएसटी आला, तो उपकर गेला आणि टनामागे तेवढ्याच रकमेचा नवा उपकर बसला. कशासाठी, तर जीएसटीमुळे राज्यांचा बुडालेला महसूल भरून द्यायला. चंद्रपूर-कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्रांची राख तेवढी विदर्भाच्या वाट्याला.

म्हणून पुढच्या वेळी प्रश्न जरा खाली उतरवून विचारावा. आमच्या महसूल मंडळाचे स्वयंचलित हवामान केंद्र गावापासून आठ किलोमीटरवर आहे. तिथे कोरडे असते, तेव्हा आमच्या धुऱ्यावर ढगफुटी झालेली असते आणि कागदावर पाऊसच नसतो. गावात असे यंत्र बसणार असेल, तर मी वर्षाला पाचशे रुपये देईन. पावती मात्र ग्रामपंचायतीत फाडावी आणि रोजचा आकडा तिथल्याच फळ्यावर लिहावा.

आपला,
एक कापूस उत्पादक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ