जप्तीच्या घराबद्दल, आई-बाबांना

क्लीव्हलँड, ओहायो

ती. आई-बाबांना सा. न.

परवा फोनवर ‘बँकेनं जप्त केलेलं घर’ एवढं ऐकलं आणि बाबा गप्प झाले, आईनं विषय थेट पावसावर नेला. तेव्हाच ठरवलं की हे सगळं लिहून कळवायचं. फोनवर बाबा एक विचारतात, मी भलत्याचंच उत्तर देते, तोवर तिकडे कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात. बाबांची उभी नोकरी जिल्हा बँकेच्या वसुली खात्यात गेली, त्यामुळे ते काय विचारणार हे मला पाठ आहे. आईचे प्रश्न अवघड असतात, म्हणून ते शेवटी.

बाबा, तुमच्या डोळ्यांसमोर ढोल वाजवत केलेला लिलाव असेल. तसा लिलाव इथेही होतो, पण आम्ही त्याच्या वाटेला गेलो नाही. हप्ते थकले की पुढे काय होतं हे इथे राज्यागणिक बदलतं. टेक्सासमध्ये बहुतेक वेळा बँकेला कोर्टात जावं लागत नाही, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी लिलाव होतो आणि घर जातं. ओहायोत दावा लावावा लागतो, निकाल लागतो आणि मग काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याचा, शेरिफ हा अधिकारी लिलाव पुकारतो. पहिल्या लिलावात किमान बोली मूल्यांकनाच्या दोन तृतीयांश असते. आकडा ऐकून कुणालाही मोह होईल. पण पैसे रोख मोजायचे, घर आतून बघायला मिळत नाही, आणि आत कुणी राहत असेल तर त्याला बाहेर काढायचं काम घेणाऱ्याच्या गळ्यात. आमच्यासारख्या कर्ज काढणाऱ्यांना तिथे जागाच नाही, कारण कर्ज देणारी बँक आधी मूल्यांकन मागते आणि मूल्यांकन करणाऱ्याला उंबरठा ओलांडता येत नाही.

लिलावात कुणी पुरेशी बोली लावली नाही की दावा लावणारी बँक स्वतःच ते घर घेते. मग एजंटमार्फत, चारचौघांच्या घरासारखं विकायला काढते. याला इथे आरईओ म्हणतात. आमचं घर या टप्प्यावरचं आहे: रिकामं, कुलूप बँकेचं, आत जाऊन बघायची मुभा, इन्स्पेक्टर न्यायचीही मुभा. मात्र ‘जसं आहे तसं’ घ्यायचं. काय बिघडलंय हे विकणारी बँक सांगत नाही, कारण तिचं कुणी तिथे राहिलेलंच नसतं.

आता तुमचा पहिला प्रश्न: बोजा. सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात जसं दिसतं, तसं इथे एका कागदावर मिळत नाही. काउंटीच्या दप्तरातून जुने दस्त काढून टायटल कंपनी, म्हणजे मालकी हक्क तपासणारी कंपनी, ते जुळवते. ओहायोत दाव्यामध्ये इतर बोजेदारांनाही पक्षकार करतात, त्यामुळे नंतरची बरीचशी कर्जं लिलावाबरोबर मिटतात. मालमत्ता कर मिटत नाही. पालिकेनं गवत कापल्याचे, कचरा उचलल्याचे पैसे कधी कधी करात चढवलेले असतात, तेही घराबरोबर येतात. पहिल्या मालकानं केंद्र सरकारचा आयकर थकवला असेल तर लिलावानंतर १२० दिवस सरकारला ते घर सोडवून घ्यायचा हक्क असतो. आमच्या घरावर तसं काही नाही आणि तेवढा काळ कधीच उलटून गेलाय. बँक जे डीड, म्हणजे खरेदीखत, देते तेही अर्धवट हमीचं असतं, म्हणजे ‘आमच्या ताब्यात असताना आम्ही काही घोळ केला नाही’ एवढंच ती म्हणते. त्याआधीच्या घोळासाठी आम्ही मालकाचा टायटल विमा घेतोय. हप्ता एकदाच भरायचा, आणि हा विमा मी कुणालाही टाळू देणार नाही.

घर १९२६ सालचं आहे. लाकडी सांगाडा, दोन मजले, खाली तळघर. मालक घर सोडून गेले, गॅस-वीज तुटली, आणि इथल्या हिवाळ्यात नळात पाणी तसंच राहिलं तर ते गोठून पाइप फोडतं. इथे तेच झालंय. वरच्या न्हाणीघराचे पाइप फुटून खालच्या स्वयंपाकघराचं छत उतरलंय. तांब्याचे काही पाइप कुणीतरी कापून नेलेत, रिकाम्या घरांत ते सर्रास होतं. घर तापवणारी भट्टी मेलेली, विजेचं पॅनेल जुनं, छपराचं आयुष्य संपत आलेलं. १९७८ च्या आधीच्या घरांत रंगात शिसं असण्याची दाट शक्यता असते, म्हणून खरवडण्याचं काम त्यासाठीचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाकडूनच करून घ्यायचं. आणि तळघराची एक भिंत मातीच्या दाबानं आत फुगलीय. आमच्याआधी एका गुंतवणूकदाराची रोख बोली होती, आमच्यापेक्षा वरची. ती भिंत बघून तो मागे हटला. ती भिंत आता आमच्या वाट्याला.

इथेच खरी गोम आहे, आणि बाबांना ती आवडेल. पाणी नाही, ऊब नाही, अशा घरावर साधं गृहकर्ज कुणी देत नाही. म्हणून अशी घरं रोखवाल्यांकडे जातात, आणि म्हणूनच ती स्वस्त असतात. दुरुस्तीसाठी वेगळं कर्ज मागायला गेलं तर तारण काय, तर पडकं घर! ही कोंडी फोडायला केंद्र सरकारच्या गृहखात्याची एक योजना आहे, २०३(के). कर्ज बँकच देते, त्या खात्यातली एफएचए ही संस्था त्याचा विमा उतरवते, म्हणजे कर्ज बुडालं तर बँकेला भरपाई. खरेदी आणि दुरुस्ती मिळून एकच कर्ज, आणि तारणाची किंमत धरताना दुरुस्त झाल्यावर घर किती किमतीचं होईल तेही बघतात.

आमचा हिशेब असा. खरेदी १,१८,००० डॉलर. दुरुस्ती ५२,०००. भिंत उघडल्यावर काय निघेल सांगता येत नाही, म्हणून १५ टक्के राखीव, ७,८००. परवाने, तपासण्या, सल्लागार मिळून २,२००. एकूण १,८०,०००. त्याच्या साडेतीन टक्के आमच्या खिशातून, म्हणजे ६,३००, आणि वर नोंदणी-वकिलाचा वगैरे खर्च. उरलेलं १,७३,७०० कर्ज. दुरुस्तीनंतरचं मूल्यांकन आलंय १,९५,०००. फार मोठा फायदा दिसत नाही ना? नाहीच. स्वस्तात मिळालं म्हणून नाचणाऱ्यांनी दुरुस्तीचा आकडा धरलेला नसतो. पण याच गल्लीतलं तयार घर घ्यायचं तर आम्हाला परवडत नव्हतं, आणि तयार घरातली भट्टी-छप्परही दुसऱ्याच्याच वयाची असतात.

कर्ज स्वस्त आहे असंही समजू नका. एफएचएच्या विम्याचे पावणेदोन टक्के सुरुवातीलाच कर्जात चढतात, शिवाय दरमहा ८० डॉलरच्या आसपास विमा. डाउन पेमेंट दहा टक्क्यांपेक्षा कमी म्हणून तो कर्ज संपेपर्यंत सुटत नाही. पुढे घराची किंमत वाढली की साध्या कर्जात बदलून घेऊ. व्याज पहिल्या दिवसापासून पूर्ण रकमेवर. घर राहण्याजोगं होईपर्यंतचे हप्ते कर्जातच धरायची सोय आहे, पण आम्ही ती घेत नाही. काही महिने भाडं आणि हप्ता दोन्ही भरू, पगारात बसतं. व्याजावर व्याज कशाला, हे तुमचंच वाक्य.

आता दुरुस्तीचे पैसे. ते आमच्या हातात येतच नाहीत. खरेदीच्या दिवशी ती रक्कम वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे काम होईपर्यंत पैसे राखून ठेवणाऱ्या खात्यात, जाते. कॉन्ट्रॅक्टर काम करतो, तपासनीस येऊन बघतो, मग तेवढ्या कामाचे पैसे सुटतात, आणि त्यातलेही दहा टक्के अखेरपर्यंत रोखून ठेवतात. आधी उचल जवळजवळ नाहीच. ऐकायला छान वाटतं, पण यामुळेच कॉन्ट्रॅक्टर मिळवताना आमच्या नाकी नऊ आले. रोख कामांची सवय असलेली चांगली माणसं ‘२०३(के)’ म्हटल्यावर फोन ठेवतात. स्वतःच्या पैशांनी माल आणायचा, मजूर ठेवायचे, मग तपासनिसाची वाट बघायची, हे छोट्या माणसाला परवडत नाही. जो लगेच हो म्हणतो त्याच्याकडे दुसरं काम का नाही, हे आधी विचारावं लागतं. अखेर एक वयस्कर गृहस्थ मिळाले. त्यांनी अशी कामं आधी केलीत, परवाना आणि विमा दोन्ही आहे. दर थोडा चढा लावतात आणि का लावतात ते तोंडावर सांगतात. मला तेच आवडलं. प्रत्येक हप्त्याला ते आणि त्यांचे पोटकंत्राटदार लिहून देतील की तेवढ्या कामाचे पैसे मिळाले, घरावर दावा नाही. नाहीतर प्लंबरचे पैसे मुख्य कॉन्ट्रॅक्टरनं बुडवले तर प्लंबर आमच्या घरावर बोजा चढवू शकतो! हे कळलं तेव्हा मला वसुलीखात्यातले बाबा आठवले.

योजनेचे दोन प्रकार आहेत. छोट्या कामांसाठी ‘लिमिटेड’, त्याची मर्यादा पूर्वी ३५,००० होती, नोव्हेंबर २०२४ पासून ७५,००० झाली. आमची रक्कम त्यात बसते, पण तळघराची भिंत म्हणजे घराच्या सांगाड्याचं काम, ते लिमिटेडमध्ये चालत नाही. म्हणून ‘स्टँडर्ड’. त्यात गृहखात्याच्या यादीवरचा सल्लागार लागतो. तो येऊन खोलीखोलीतून फिरला, कामांची यादी आणि प्रत्येकाचा अंदाज लिहून दिला. काही गोष्टी आम्ही मागितल्या नव्हत्या त्याही घातल्या, जिन्याचा कठडा, धुराची घंटा. आम्हा दोघांत अमेय वैतागला, मी नाही. खरेदीनंतर ३० दिवसांत काम सुरू करायचं, मध्ये सलग ३० दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवायचं नाही, १२ महिन्यांत संपवायचं. आणि राहायचं आम्हीच. भाड्यानं देण्यासाठी किंवा विकून नफा काढण्यासाठी हे कर्ज मिळत नाही.

ग्रीन कार्ड आल्यावरच हे जमलं. २५ मे २०२५ पासून एफएचएची कर्जं तात्पुरत्या व्हिसावरच्यांना बंद झाली. ऑफिसातली माझी मैत्रीण एच-१बी वर आहे, ती फॅनी मेच्या (ही बँकांकडून गृहकर्जं विकत घेणारी संस्था) होमस्टाइल नावाच्या कर्जाची चौकशी करतेय. तेही खरेदी-दुरुस्ती एकत्र असंच आहे, फक्त कर्जफेडीच्या इतिहासाबद्दल जास्त कडक.

एकच धाकधूक आहे, वेळेची. असं कर्ज मंजूर व्हायला साध्या कर्जापेक्षा जास्त दिवस लागतात, आणि विकणाऱ्या बँकेच्या करारात अट आहे की ठरलेली तारीख चुकली तर दर दिवसाला दंड. आम्ही तारीख लांबची मागून घेतली, मिळाली. तरी मूल्यांकनाचा कागद अडकला त्या आठवड्यात मी नीट झोपले नाही.

बाबा, ठेव मोडायचा विषय आता बंद. तुम्ही पाठवलेले पैसे डाउन पेमेंटला चालतात, त्याला बक्षीसपत्र द्यावं लागतं एवढंच. पण वर्षाला दहा लाख रुपयांच्या वर पाठवलंत की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून घेते. ते रिटर्न भरून परत मिळतं, पण तोवर अडकतं. आणि खरं कारण ते नाहीच. सहा हजार डॉलरसाठी तुमची ठेव मोडावी लागत असेल तर आम्ही हे घर घेऊच नये. आमच्याकडे याशिवाय सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे, त्याला हात लावलेला नाही.

आई, तुझा प्रश्न: कुणाचा तरी तळतळाट असेल त्या घराला. मी ते हसण्यावारी नेत नाही. या शहरात स्लॅव्हिक व्हिलेज नावाचा भाग आहे. २००७-०८ च्या सुमारास देशात सगळ्यात जास्त जप्त्या झालेल्या वस्त्यांपैकी तो एक. ज्यांना फेडणं शक्य नव्हतं त्यांना बँकांनी कर्जं विकली, घरं गेली, ओळीच्या ओळी रिकाम्या पडल्या आणि पुढे त्यातली पुष्कळशी पाडली. रिकाम्या घरानं शेजाऱ्याच्या घराचीही किंमत जाते. आमच्या घरातून कोण गेलं ते दस्तात नावानं आहे, मी वाचलंय, तुला सांगत नाही. लोकांचं दुःख आहे, आपण त्याची गोष्ट करू नये. त्यांना परत आणायची ताकद माझ्यात नाही. शेजारच्या आजींनी मात्र आम्हाला विचारलं, ‘तुम्ही राहणार की विकणार?’ राहणार म्हटल्यावर त्यांनी कुंपणापलीकडून स्वतःचं गवतकापणी यंत्र देऊ केलं.

वास्तुशांत काम संपल्यावर करू, शिशाच्या धुळीत नको. तुम्ही दोघं त्याआधी येऊ नका. इथे भट्टी चालू झाल्याशिवाय बाबांच्या गुडघ्यांना सोसायचं नाही.

बाबा, कॉन्ट्रॅक्टरच्या करारनाम्याचे फोटो वेगळे पाठवतेय. कामात बदल झाला तर वाढीव पैसे कुणी मंजूर करायचे, हे कलम मला ढिलं वाटतं. आमची सही, सल्लागाराची सही आणि बँकेची मंजुरी झाल्याशिवाय वाढीव काम धरायचं नाही असं मी लिहून मागितलंय. अजून काय घालावं ते शुक्रवारच्या आत कळवा, शनिवारी सह्या आहेत.

तुमची,
मनू