दापोलीच्या शिबिरातल्या ताईंना, कराडच्या पार्लरमधून

ताई,

तुमचं नाव आम्हाला माहीत नाही. मुली नुसतं ‘ताई’ म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. पण तुमचा हात आम्ही ओळखतो. दापोलीहून परतलेल्या मुली एकेक करून आमच्या खुर्चीत बसल्या आणि एकीच्याही गुंत्याला कात्री लावावी लागली नाही. मेच्या अखेरीस आमच्याकडे असं होत नाही.

एरवी काय येतं, ते सांगतो. मानेवर, जिथे कॉलर घासते तिथे, सुपारीएवढा गुंता. ऑफिसातला पिवळा रबर केसांत रुतलेला. आठ दिवस एकच घट्ट पोनी, त्यामुळे कानशिलांवर बारीक पुटकुळ्या आणि तिथलेच केस विरळ. ओल्या केसांचीच वेणी घातलेली, म्हणून आत दमट, आंबूस वास. एका शिबिराच्या पत्रकात तर ‘मुलींचे केस खांद्याच्या वर कापून पाठवावेत’ असंच छापलेलं होतं. कापायला पाठवणं सोपं. फणी घेऊन बसायला माणूस लागतं.

तुम्ही सगळ्यांना सागरवेणी घातलीत, तीही सैल. तुमचा हिशेब आम्हाला लगेच कळला: कपाळापासून बटा घेत गेलं की पुढचे केस तोंडावर येत नाहीत, टोपी नीट बसते आणि पोनीसारखा सगळा ताण एका जागी येत नाही. वेणी झाल्यावर मुलीला भुवया वर करायला सांगायच्या. ओढ लागली तर सोडून पुन्हा घालायची. रात्री पुन्हा एक ढिली साधी वेणी. केस मोकळे सोडून गादीवर लोळलं की सकाळी मानेवर गुंता ठरलेलाच, हे घरी आईलाही पटवून द्यावं लागतं.

समुद्राचं तर तुम्ही फारच नेमकं केलंत. कोरडा केस पाणी पितो. म्हणून आधी तांब्याभर गोडं पाणी डोक्यावरून, टोकांना अर्धा चमचा खोबरेल, आणि वेणी न सोडता समुद्रात. बाहेर आल्यावर पुन्हा गोडं पाणी, मगच वेणी सोडायची. मीठ केसात वाळलं की केस खरखरीत होतो आणि एकमेकांत अडकतो. वाळू मात्र ओली असताना काढायच्या नादी लागू नये, वाळली की झटकून पडते. शांपू तांब्यात पातळ करून फक्त टाळूला, लहान डोक्याला अर्धी पुडी पुष्कळ; टोकं खाली वाहणाऱ्या फेसानेच धुतली जातात. (सकाळी डोकंभर तेल थापून मुलांना उन्हात पाठवणाऱ्या घरांनीही हे वाचावं. तेलावर धूळ बसते आणि घामाबरोबर तेल कपाळावर उतरून पुटकुळ्या येतात.)

कुरळ्या केसांच्या त्या मुलीला तुम्ही कोरडं विंचरलं नाहीत, याचं आम्हाला विशेष वाटलं. तिला आजवर सगळ्यांनी ‘झिपरी’ म्हणून घेतलं आणि कोरड्या केसांत बारीक कंगवा घातला. कुरळा केस कोरडा विंचरला की नुसता फुलतो आणि तुटतो. ओला करून, कंडिशनर लावून, रुंद दातांच्या कंगव्याने, टोकापासून चार बोटं वर, मग आणखी चार बोटं. डाव्या मुठीत गुंत्याच्या वरचे केस घट्ट धरायचे, म्हणजे ओढ टाळूपर्यंत जात नाही. तिने आमच्या खुर्चीत बसून हे आम्हालाच शिकवलं.

पण हे पत्र लिहायला बसलो ते उवांमुळे.

तिसऱ्या संध्याकाळी एका मुलीच्या डोक्यात तुम्हाला ऊ दिसली. असल्या वेळी काय होतं, हे आम्ही ऐकून आहोत. दुसऱ्या एका शिबिरातून सगळ्यांसमोर घरी फोन लावला होता: ‘उवा आहेत, घेऊन जा.’ पोरगी दोन रात्री वेगळी झोपली. तुम्ही काहीच बोलला नाहीत. स्टुलावर बसलात, स्वतःची वेणी सोडलीत, त्या मुलीच्या हातात फणी दिलीत आणि म्हणालात, ‘आधी माझं बघ.’ मग ‘आज सगळ्यांची फणी’ म्हणत ओळ लागली, मुलग्यांचीसुद्धा. कुणाच्या डोक्यात निघाली, हे आजही मुलींना सांगता येत नाही. आम्हाला ठाऊक आहे, कारण लिखांची रिकामी कवचं केसाला चिकटून राहतात आणि केसाबरोबर टाळूपासून दूर सरकत जातात. आम्हीही बोललो नाही.

ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते, आणि धुतलेल्या स्वच्छ केसांतही तितकीच सुखाने राहते. यात लाजायचं काय, हे मोठ्यांना कळत नाही, तिथे नऊ वर्षांच्या पोरीने काय करावं?

आणि प्रत्येकीच्या बॅगेत घातलेली ती चिठ्ठी. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर, भांग पाडून चार भाग, टाळूपासून टोकापर्यंत फणी, दर खेपेला पांढऱ्या फडक्यावर पुसायची. दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे. लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून एकदा विंचरून ‘झालं’ म्हणणारे फसतात. खाली ‘रॉकेल लावू नये’ असं तुम्ही दोनदा अधोरेखित केलंत, ते बरं केलंत. टाळू भाजते, आणि शिबिरात तर रोज शेकोटी. चिठ्ठी सगळ्यांना दिली म्हणून ती कुणा एकीची झाली नाही. आपल्याकडे शिस्त लावणारे पुष्कळ भेटतात. पोराची अब्रू राखणारी माणसं कमी, आणि त्यांचं नाव पत्रकावर कधीच नसतं.

एक तक्रारही आहे, रागावू नका. तुमचे रबर बरे नव्हते, दोघींचे केस त्यात तुटले होते. पुढच्या खेपेला जाणाऱ्या मुलींबरोबर एक डबा पाठवतोय: स्टीलच्या सहा फण्या, कापड गुंडाळलेले पन्नास रबर, आणि नावं लिहायला चिकटपट्टीचं एक रीळ. कंगवा ज्याचा त्याचा, हे तुम्हाला सांगायला नको. फण्या वापरल्या की कढत पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, प्लास्टिकच्या वाकतील, या वाकणार नाहीत.

तुमच्या,
पार्लरमधल्या तिघी, कराड