‘म्हातारा झालाय’ हे निदान नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी सुरू झाली की आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर वयस्कर माणसांनी सांधे कसे जपावेत, पहाटे फिरायला जावे की उन्हे आल्यावर, तहान लागली नाही तरी पाणी का प्यावे, याविषयी मजकूर येतो आणि मी तो दरवर्षी नेमाने वाचते. त्याच पानाच्या एखाद्या कोपऱ्यात घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्यांसाठीही चार ओळींची जागा मिळावी, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. विनंतीमागे माझी स्वतःची चूक आहे. आमचा मोत्या आता तेरा वर्षांचा आहे आणि त्याचे अकरावे व बारावे असे दोन हिवाळे मी त्याच्या दुखण्याला आळस समजण्यात घालवले.

सकाळी हाक मारली की तो लगेच उठत नसे. आधी पुढचे पाय टेकवायचा, थोडा वेळ तसाच बसून राहायचा, मग मागचा भाग उचलायचा प्रयत्न करायचा आणि पुन्हा खाली बसायचा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला उभा राहिला की पहिली दहा-बारा पावले लाकडी चालीने टाकायचा. पण अंगणापर्यंत पोहोचेतो त्याची चाल बरीच मोकळी झालेली असायची. या शेवटच्या गोष्टीनेच मला फसवले. ज्याला खरोखर दुखते तो चालल्यावर अधिक लंगडेल, असा माझा समज होता आणि म्हणून ‘थंडीत उठायचा कंटाळा करतो, वय झालेय बिचाऱ्याचे’ असे मी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत असे. विश्रांतीनंतर आखडणे आणि थोड्या हालचालीनंतर सैल होणे हीच संधिवाताची ठळक खूण असल्याचे पशुवैद्यांनी सांगितले, तेव्हा मला फार शरमल्यासारखे झाले, कारण माझे स्वतःचे गुडघे सकाळी अगदी हेच करतात.

कुत्रा दुखणे ओरडून सांगत नाही, हे अनेक वर्षे कुत्री पाळणाऱ्यांनाही पुरते उमगलेले नसते. तो विव्हळतो ते अचानक लागले, चावले, पाय दाराच्या फटीत सापडला तर. महिनोन्महिने मुरलेल्या दुखण्याबद्दल तो मुकाट असतो आणि फक्त आपल्या सवयी बदलतो. पलंगावर उडी मारणे सोडतो. जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबून आपल्याकडे पाहतो. एकाच सांध्यापाशी इतके चाटत राहतो की तिथले केस तांबूस पडतात. कंबरेवर हात ठेवला की गुरगुरतो, आणि मग घरातली मुले त्याला ‘हल्ली चिडका झाला आहे’ असे म्हणू लागतात. उभ्या कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार मुळातच पुढच्या पायांवर असतो. मागचे पाय दुखू लागले की तो आणखी भार पुढे ढकलतो, त्यामुळे खांदे भरदार दिसतात आणि मांड्या मात्र हळूहळू वाळतात. मोत्याच्या मांड्या वाळलेल्या मला त्याच्या दाट केसांमुळे दिसल्याच नव्हत्या, त्या हाताला लागल्या.

आता या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग. दुखणे आहे हे एकदा कळले की आपला हात साहजिकच घरातल्या औषधांच्या डब्याकडे जातो आणि ‘माणसाची अर्धी गोळी दिली तर काय बिघडते’ असे सांगणारा कोणी ना कोणी शेजारी असतोच. बिघडते, आणि फार बिघडते. पॅरासिटामॉल कुत्र्याच्या यकृताला इजा करते आणि रक्तातील तांबड्या पेशींची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमताही घटवते. आयबुप्रोफेन जठरात व्रण पाडते आणि मूत्रपिंडे निकामी करू शकते. अर्धी गोळी ही मात्रा आपल्या डोळ्यांना लहान दिसते, दहा-बारा किलोच्या प्राण्याच्या शरीराला ती लहान नसते, आणि ज्याची मूत्रपिंडे वयाने आधीच थकलेली आहेत त्याला तर मुळीच नसते. कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामके आहेत. ती पशुवैद्य वजन पाहून ठरवतात, सुरू करण्याआधी आणि नंतरही अधूनमधून यकृत-मूत्रपिंडांसाठी रक्ताची तपासणी करतात, आणि ती चालू असताना उलटी, काळी शी किंवा खाण्यावरची वासना उडणे यांपैकी काही दिसले तर गोळी थांबवून लगेच कळवायचे असते. संधिवात यातून बरा होत नाही. दिवस मात्र सुसह्य होतो. मोत्याला औषध सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तो दाराची कडी वाजल्याबरोबर उठून उभा राहिला, तेव्हा गेल्या दोन हिवाळ्यांत तो का उठत नव्हता याचा हिशेब मला आपोआप मिळाला.

औषधाइतकेच काम वजन करते. थंडीत फिरणे कमी होते, वाटीतला घास मात्र तेवढाच राहतो, शिवाय म्हाताऱ्याला जरा जास्त द्यावे अशी माया असते. लॅब्रेडॉर जातीच्या ४८ कुत्र्यांना जन्मभर सांभाळून केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात कुत्र्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले जात होते. कमी खाणारी कुत्री सरासरी जवळजवळ दोन वर्षे अधिक जगली आणि त्यांच्या सांध्यांची झीजही उशिरा सुरू झाली. बरगड्यांवरून हात फिरवल्यावर त्या सहज बोटांना लागल्या पाहिजेत, ही साधी कसोटी प्रत्येक घरात करता येते.

थंडीपासून बचाव म्हटले की लोक स्वेटरपाशी थांबतात. स्वेटर असावा, पण तो रोज उतरवून बगलांतले केस विंचरावे लागतात आणि ओला झाला तर तो नसलेला बरा. खरा प्रश्न जमिनीचा आहे. म्हातारा कुत्रा दिवसाचे बहुतेक तास पडून असतो आणि थंड, कठीण फरशीवर पडून त्याच्या कोपरांना घट्टे पडतात, पुढे जखमाही होतात. वाऱ्याचा झोत लागणार नाही अशा जागी जाड, सपाट, फार न खचणारी गादी हवी, कारण अतिमऊ गादीतून उठणे त्याला फरशीवरून उठण्याहून अवघड जाते. गादी हीटरला खेटून मात्र नसावी. तरुण कुत्रा चटका बसण्याआधी बाजूला सरकतो. सांधे आखडलेल्या कुत्र्याला सरकायलाच वेळ लागतो, त्यामुळे गरम पाण्याच्या पिशवीनेसुद्धा त्याची पातळ झालेली कातडी भाजू शकते. पिशवी जाड कापडात गुंडाळून, फक्त एका बाजूला ठेवावी, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला दूर होता येईल. कुत्र्याच्या शरीराचे तापमान मुळातच ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याहून जास्त असते; आपल्याला हवी तेवढी ऊब त्याला हवीच असते असे नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये हे माणसांनाही लागू आहे, कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही.

जाता जाता एक गोष्ट, जी मी कुठे छापलेली पाहिलेली नाही. हिवाळ्याच्या तोंडावर ट्रंकेतून लोकरीचे कपडे निघतात आणि त्यांच्या घड्यांतून डांबरगोळ्या घरंगळतात. नॅफ्थलीनची ही गोळी कुत्र्याने गिळली तर त्याला विषबाधा होते. जुनी शाल त्याच्या अंथरुणाला द्यायची असेल तर आधी धुऊन, उन्हात वाळवून द्यावी.

गुळगुळीत फरशी ही दुसरी अडचण. चालणे कमी झाल्याने नखे झिजत नाहीत, वाढलेल्या नखांमुळे पंजा नीट टेकत नाही, आणि पंजाच्या गाद्यांमधले केस वाढले की पाय घसरतो. एकदा घसरून पडलेला कुत्रा ती खोलीच टाळू लागतो. नखे कापणे, गाद्यांमधले केस छाटणे आणि अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत व तिथून दारापर्यंत न सरकणाऱ्या पट्ट्या अंथरणे, एवढ्याने आमच्या घरातली त्याची अर्धी फजिती संपली. आंघोळीचे म्हणाल तर कडक थंडीत ती लांबली तरी चालते, रोजचे विंचरणे मात्र चुकवू नये.

रात्रींविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण अनेक घरांची सहनशीलता तिथेच संपते. हिवाळ्यात आपण लवकर दारे लावतो आणि उशिरा उघडतो. त्यामुळे शेवटचे बाहेर नेणे आणि सकाळचे पहिले बाहेर नेणे यांतले अंतर नकळत दोन तासांनी वाढते आणि म्हाताऱ्या मूत्राशयाला ते झेपत नाही. मग अंथरूण ओले होते आणि त्यावर घरोघरी एकच उपाय केला जातो, तो म्हणजे संध्याकाळनंतर पाण्याचे भांडे उचलून ठेवणे. हा उपाय धोक्याचा आहे. मूत्रपिंडे दुबळी झालेला कुत्रा जास्त लघवी करतो म्हणून जास्त पाणी पितो. पाणी तोडल्याने लघवी थांबत नाही, शरीर कोरडे पडते आणि उरलीसुरली मूत्रपिंडेही खचतात. भांडे भरलेले ठेवावे, झोपण्याआधी त्याला आणखी एकदा बाहेर न्यावे आणि पाणी पिणे एकाएकी वाढले असेल तर ते मोजून पशुवैद्यांना आकडा सांगावा. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह यांची सुरुवात अनेकदा इथेच सापडते.

काही कुत्री रात्री उठून घरभर फिरतात, भिंतीच्या कोपऱ्याकडे तोंड करून उभी राहतात, दाराच्या बिजागरीच्या बाजूने बाहेर पडायला बघतात. माणसातल्या स्मृतिभ्रंशासारखा विकार कुत्र्यांतही असतो आणि दिवसा झोप, रात्री जाग ही त्याची एक खूण आहे. पण तोच निष्कर्ष आधी काढू नये. दुखणे, लघवीची निकड, अंधुक दृष्टी यांमुळेही तो असाच भटकू शकतो. आम्ही मार्गिकेत एक मंद दिवा रात्रभर ठेवतो. डोळ्यांत निळसर झाक दिसली म्हणजे मोतीबिंदूच, असेही नाही. वयाने भिंग घट्ट होऊन येणाऱ्या या झाकेत त्याला बरेचसे दिसत असते. ऐकू मात्र कमी येते, म्हणून गाढ झोपलेल्याला एकदम हलवू नये, हात आधी नाकाजवळ न्यावा.

नाक शेवटपर्यंत बऱ्यापैकी टिकते, आणि म्हणूनच थंडी आहे या सबबीवर त्याचे फिरणे पूर्ण बंद करणे मला अन्यायाचे वाटते. एक लांब फेरी झेपत नसेल तर तीन छोट्या माराव्यात, ऊन चढल्यावर माराव्यात, आणि एका झुडपापाशी तो पाच मिनिटे हुंगत उभा राहिला तर साखळी ओढू नये. त्या पाच मिनिटांत तो जे वाचतो ते आपल्या दैनिकापेक्षा कमी नसावे, असा माझा अंदाज आहे. संपादकांनी राग मानू नये.

‘वय झाले’ या दोन शब्दांखाली इतर आजारही खुशाल दडून बसतात. अन्न तेवढेच असून वजन वाढणे, कातडीवरचे केस विरळ होणे, सतत उबेच्या जागा शोधणे आणि मरगळ, हे सारे म्हातारपणाचे वर्णन वाटते, पण ते थायरॉइडच्या कमतरतेचेही वर्णन आहे आणि त्यावर रोज गोळी देऊन कुत्रा सुधारतो. रात्रीचा खोकला थंडीचा म्हणून सोडून देऊ नये. तो हृदयाच्या आजाराचा असू शकतो. गाढ झोपेत छातीचे उठणे-बसणे मिनिटभर मोजावे. एरवी ते मिनिटाला ३० च्या आत असते. वारंवार त्याहून जास्त भरू लागले तर वाट पाहू नये. उलट, म्हातारा कुत्रा अचानक मान वाकडी करून एका बाजूला कोसळू लागला आणि त्याची बुबुळे आडवी हलू लागली, तर घरचे लोक पक्षाघात समजून आशा सोडतात. प्रत्यक्षात तो अनेकदा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड असतो आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत बराच निवळतो. दाखवायला मात्र त्याच दिवशी न्यावे.

निरोपाचा निर्णयही अनेक घरांत थंडीतच घेतला जातो, कारण त्या दिवसांतल्या सकाळी बघवत नाहीत. त्याविषयी कोणाला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. फक्त एवढे सांगते की, सकाळ ही त्याच्या दिवसातली सर्वांत वाईट वेळ असते आणि आपण त्याला नेमके तेव्हाच निरखतो. आम्ही भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज रात्री एक खूण करतो : दिवस बरा गेला तर टिंब, वाईट गेला तर फुली. कोणत्या महिन्यात फुल्या टिंबांपेक्षा वाढल्या ते पशुवैद्यांसमोर धरता येते आणि घरातल्या वादांनाही त्याने आळा बसतो. या महिन्यात आजवर तीन फुल्या आहेत.

पत्र लांबले आहे, याची जाणीव आहे. जागेअभावी कात्री लावावी लागली तर मोत्याविषयीचा सगळा मजकूर काढून टाकला तरी माझी हरकत नाही. माणसांच्या गोळ्या देऊ नयेत आणि रात्री पाणी तोडू नये, हे दोन भाग मात्र कृपया ठेवावेत.

कळावे,
आपली,
एक नियमित वाचक